बॉबीनच्या पोटाचं माप

ज्या वर्षी आमच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं आणि महिनाभरात त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्या लग्नाकडे होतं. त्यामुळे बॉबीन फार पाणी प्यायला लागलीय, हे आमच्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना कळलं.

बॉबीन म्हणजे आमची कुत्री. अकरा वर्षांची, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. मी शिंपी. दुकान बंद केलं तेव्हा मशीन घरी आणून खिडकीपाशी ठेवलं, आणि बॉबीन दिवसभर त्याच्या पायडलशेजारी पडून असायची. सेक्रेटरी निवृत्त व्हायच्या आधी एका गोदामात आलेला माल तपासायचे. तीस वर्षं मालातली खोट काढायचं काम केल्यामुळे त्यांना आता कुठलीही वस्तू नुसती बघता येत नसे.

एके सकाळी त्यांनी बेल वाजवली.

"मास्तर, जिन्यावर परत झालंय."

"काय झालंय?"

"काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे."

मला सगळे मास्तर म्हणतात. शिंप्याला म्हणायची पद्धतच आहे. सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत मला लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हाही म्हणायचे. त्यात मला कधी संकोच वाटला नाही. पण हातात फडकं घेऊन जिना पुसत असताना कोणी मास्तर म्हटलं की ती पदवी फार जड होते.

मग शेजारच्यांचे सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "लाडावलीय ती. एकदा ओरडा, बघा कशी सरळ होते." मी ओरडलो. बॉबीनने माझ्याकडे बघितलं आणि शेपटी हलवली, कारण घरात माझं ओरडणं कोणीच कधी मनावर घेतलेलं नाही. समोरचे कॅशियर म्हणाले, "अहो, साधा हिशोब आहे. पाणी आत गेलं नाही तर बाहेर कसं येईल? भांडंच उचला." मला ते पटलं. बँकेतल्या माणसाचं मला चटकन पटतं. मी भांडं उचललं. तासाभरात बॉबीन मोरीत गेली, मी आटवायला भिजत घातलेल्या निळ्या कापडाच्या बादलीत दोन पाय टाकून उभी राहिली आणि पोटभर पाणी प्यायली. दार उघडं होतं. नंतर आमच्या उंबऱ्यापासून जिन्यावरून थेट सेक्रेटरींच्या पायपुसण्यापर्यंत निळ्या पावलांची एक सुबक रांग तयार झाली, आणि पायपुसण्यावर जे काही होतं त्याबद्दल आता शंकेला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. सोसायटीच्या नियम सतराप्रमाणे, वाईट सवयींमुळे उपद्रव करणारं जनावर तीस दिवसांत हलवावं. शहराबाहेर प्राण्यांचा एक निवारा आहे, तिथे सोय चांगली आहे, असं सेक्रेटरींनी तोंडी सांगितलं. चांगली सोय असलेल्या जागी माणूस नेहमी दुसऱ्याला पाठवतो, हे मी पाहिलेलं आहे.

आमची मंडळी भाजी चिरत होती. चिरणं न थांबवता ती म्हणाली, "ती जाणार असेल तर माझंही नाव घाला. सोय चांगली आहे म्हणतायत ना."

ती थट्टा करत नव्हती. अकरा वर्षांत मी घरी नसताना तिच्याशी दिवसभर बोलायला बॉबीनच होती. मी घरी असतानाही बॉबीनच होती, कारण मशीन चालू असलं की मला ऐकू येत नाही.

मी नियमांचं पुस्तक मागवून घेतलं आणि बोट ठेवून ठेवून नियम सतरा शेवटपर्यंत वाचला. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाची एक खोड असते. तो सगळं वाचतो. शेवटची ओळ होती, 'आजारी जनावरास समिती सूट देऊ शकेल.' ती ओळ नोटिशीत नव्हती.

मी पुस्तक घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, ओळ तपासली, त्यांना तिच्यात काही खोट सापडली नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले, "सवय की आजार, ते लेखी आणा. डॉक्टरचं. तोंडी चालणार नाही. आणि दिवस मोजायला सुरुवात झालेली आहे."

आता मी केलेली मोठी चूक सांगतो. ही चूक शिंप्याशिवाय दुसरा कोणी करू शकणार नाही, म्हणून ती सांगताना मला लाज वाटते आणि थोडं बरंही वाटतं.

मी दर थंडीत बॉबीनला एक कोट शिवायचो. त्या वर्षी तिचं पोट सुटलं होतं, पाठीवरचे केस विरळ झाले होते. चाळीस वर्षं मी पोट सुटलेल्या गिऱ्हाइकांना शिवलेलं आहे. पोट कसं झाकायचं हे मला कोणी शिकवू नये. कापडाला चिमटा कुठे घ्यायचा, उभी शिवण कुठून न्यायची, रंग कोणता, सगळं हातात बसलेलं. कोट असा झाला की बॉबीन दोन वर्षांनी लहान दिसायला लागली. तो घालूनच मी तिला डॉक्टरकडे नेलं. चारचौघांत न्यायचं म्हणजे नीटनेटकं नको का?

डॉक्टर तरुण बाई होत्या. दात पाहिले, कान पाहिले, वजन केलं. म्हणाल्या, "वयाच्या मानाने मस्त आहे हो. किती छान दिसतेय! कोट कुठून घेतला?"

"मीच शिवलाय."

"अय्या, खरंच? जरा काढता का, पोट बघते."

आणि मी, वय वर्षं एकाहत्तर, तोंडाने काय बोललो? मी म्हणालो, "नको, तिला थंडी बाधते." खरं कारण असं की मागच्या हुकांची पट्टी मी घाईत कच्ची घातली होती आणि ती कोणी उलटून बघावी असं मला वाटत नव्हतं. बाहेर बरीच गर्दी होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं. पाणी थोडं जास्त पीत असेल थंडीतसुद्धा. खाणं जरा कमी करा, पंधरा दिवसांनी या." आणि कागदावर लिहून दिलं, 'प्रकृती चांगली.'

मी तो कागद घेऊन छाती काढून घरी आलो. मंडळींनी तो वाचला. मला अक्षरं तिनेच शिकवली, त्यामुळे माझ्यासमोर मोठ्याने वाचायचा तिला हक्क आहे.

"प्रकृती चांगली," ती म्हणाली. "म्हणजे सवयच की! हे दाखवलं तर उद्याच नेतील तिला. अहो, तुम्ही डॉक्टरकडे गेला होता की गिऱ्हाइकाकडे?"

मी तो कागद चार घड्या करून खिशात घातला. नंतर सेक्रेटरींनी जिन्यात विचारलं, "गेला होतात ना? काय म्हणाले?" मी म्हणालो, "तपास चालू आहे." हे वाक्य मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं.

दोन दिवसांनी आम्ही तिघं परत गेलो. बॉबीनच्या अंगावर काही नव्हतं, आणि मंडळी पुढे होती. बॉबीनला टेबलावर ठेवलं तसा डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. पोट ताणलेलं, पाठीच्या दोन्ही बाजूंना सारखेच केस गेलेले, कातडी पातळ, न पळताच धाप.

"काका, हे परवा होतं?"

"होतं," मंडळी म्हणाली. "यांनी झाकलं होतं."

डॉक्टरबाईंनी पोट दाबून पाहिलं. "कुशिंग नावाचा आजार असू शकतो. शरीरातलीच एक ग्रंथी नको इतकं काम करते. मग तहान, भूक, पोट, केस, सगळं असंच होतं. पण म्हातारपणाने आणि जास्त खाण्यानेही पोट सुटतं. घरात वरचं कोण भरवतं हिला?"

मी मंडळींकडे पाहिलं. मंडळींनी माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं एकमेकांपासून लपवलेली बिस्किटं त्या खोलीत बाहेर आली. माझी दुपारची दोन होती. तिची सकाळची तीन होती. बॉबीन टेबलावर उभी राहून भिंतीकडे बघत होती, जणू तिचा या प्रकरणाशी काही संबंध नाही.

"मग ही लठ्ठच झाली असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "महिनाभर बिस्किटं बंद करून बघू."

महिना आमच्याकडे नव्हता. आणि मग मला पिशवीतल्या वहीची आठवण झाली. ती माझी मापांची वही. मी ती दवाखान्यात का नेली होती असं कोणी विचारेल, तर शिंपी मापांची वही आणि टेप घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. बॉबीनचा दर वर्षी कोट शिवायचा म्हणजे दर वर्षी माप घ्यायचं, आणि ते इतर गिऱ्हाइकांसारखं तारीख घालून लिहायचं.

"डॉक्टरबाई," मी म्हणालो, "लठ्ठ माणूस सगळीकडून लठ्ठ होतो. मानेला होतो, दंडाला होतो, मांडीला होतो. कॉलर लागेनाशी होते. हे बघा. चार वर्षांपूर्वी मान सोळा इंच, मांडी नऊ, पोट बावीस. मागच्या वर्षी मान साडेपंधरा, मांडी साडेआठ, पोट पंचवीस. या वर्षी मान पंधरा, मांडी साडेसात, पोट एकोणतीस. हिची मान उतरलीय, मांड्या वाळल्यात आणि पोटच तेवढं वाढलंय. खाऊन फुगलेलं गिऱ्हाईक असं नसतं. असं माप मी चाळीस वर्षांत घेतलेलं नाही."

डॉक्टरबाईंनी वही हातात घेतली. एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. मग मोबाइल काढून त्या पानाचा फोटो घेतला.

"काका, स्नायू झिजतात आणि पोट वाढतं, हेच तर या आजाराचं लक्षण. इतकं नीट लिहून कोणीच आणत नाही."

त्या फोटोत माझी अक्षरं होती. वेडीवाकडी, पण माझी. मंडळींनी माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली.

मग तपासण्या सुरू झाल्या. पहिली लघवीची. सकाळची पहिली, घरीच घेतलेली, बॉबीनला अजिबात न घाबरवता. मी लाकडी मीटरपट्टीला एक डाव बांधला आणि मागोमाग फिरू लागलो. बॉबीन बसायची, मी हळूच डाव पुढे सरकवायचो, ती मान वळवून बघायची आणि उठायची. अकरा वर्षांच्या ओळखीत तिने माझ्याकडून हे अपेक्षिलेलं नव्हतं. तीन सकाळी आम्ही अशी इमारतीला प्रदक्षिणा घातली. वरच्या वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "मास्तर, मागून नका जाऊ, बाजूने जा!" कॅशियर म्हणाले, "डाव मोठा घ्या!" चौथ्या दिवशी मंडळी साबणाची चपटी डबी घेऊन सहज फिरायला गेल्यासारखी गेली आणि दोन मिनिटांत परत आली. मला डबी दाखवून म्हणाली, "तिला मापाचा कंटाळा आलाय."

प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "जात?"

"कुणाची?"

"कुत्र्याची. संकरित, साधी, असं यादीत नाही. काहीतरी निवडल्याशिवाय कम्प्युटर पुढे जात नाही."

"मग तुम्हीच बघा."

त्यांनी यादीतलं पहिलं नाव निवडलं. रिपोर्ट आला तो 'बॉबीन, अफगाण हाउंड' या नावाने. लांब रेशमी केसांची, शाही चालीची ती जात. आमच्या बॉबीनच्या पाठीवर त्या वेळी मोजून सांगता येतील इतके केस होते.

रिपोर्टात संशय वाढला, पण खात्री झाली नाही. खात्रीसाठी आठ तासांची तपासणी. सकाळी रक्त, मग एक इंजेक्शन, चार तासांनी रक्त, आठ तासांनी पुन्हा रक्त. पोटात अन्न नाही, आणि मुख्य म्हणजे मन शांत. घाबरलं तरी शरीरात या आजारातलंच द्रव्य वाढतं, मग आजार कुठला आणि भीती कुठली हे कळत नाही.

पहिल्या वेळी बॉबीनने आठ तास दवाखाना डोक्यावर घेतला. मांजर आलं, भुंकली. कुत्रं आलं, थरथरली. कोणीच आलं नाही तेव्हा रडली. संध्याकाळी डॉक्टरबाईंच्या आवाजात जोर नव्हता. "आकडे आजाराकडे बोट दाखवतील बहुतेक. पण इतकी अस्वस्थ होती की मी त्यावर सही करणार नाही. चुकून औषध दिलं तर ते तिला मारू शकतं. आठवड्याने परत करू, शांत राहिली तर. घरी कशाने शांत होते ही?"

नोटिशीतले चौदा दिवस उरले होते. त्या रात्रभर नव्हे, पण दुसऱ्या दिवशी दुपारभर मी विचार केला. विचार करायचा म्हणजे मी मशीनवर बसतो. पायडल चालू झालं, आणि बॉबीनने पायाशी येऊन सुस्कारा टाकला आणि झोपली. मी थांबलो. तिने डोळा उघडला. मी चालवलं. डोळा मिटला.

"अगं," मी हाक मारली, "टेम्पोवाल्याचा नंबर कुठंय?"

मशीन लोखंडी स्टँडसकट खाली न्यायचं म्हणजे चार माणसं लागतात. कॅशियर, टेम्पोवाला आणि मी, असे तिघे होतो. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते अडकलं. ना वर, ना खाली. तेवढ्यात खालून सेक्रेटरी आले.

"हे काय चाललंय?"

"धरा!" टेम्पोवाला ओरडला. "नाहीतर तुमच्याच पायावर येईल!"

सेक्रेटरींनी धरलं. दहा मिनिटं ते आणि मी चाकाच्या दोन बाजूंनी एकमेकांच्या तोंडाशी तोंड करून उभे होतो. इतक्या जवळून आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"दवाखान्यात मशीन कशाला?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"कुत्रीला झोप यावी म्हणून."

टेम्पोत चढवेपर्यंत त्यांनी आपली बाजू सोडली नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

डॉक्टरबाईंनी मागची खोली रिकामी करून दिली. पहिलं रक्त घेतलं, इंजेक्शन दिलं, आणि मी पायडलवर पाय ठेवला. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. थांबलो तर बॉबीन उठेल, म्हणून थांबायचं नाही. मग नुसतं चालवण्यापेक्षा शिवावं म्हटलं. कंपाउंडरच्या पँटची शिवण घातली. डॉक्टरबाईंच्या ॲप्रनचा खांदा कायम उतरत असे, तो उचलला. बाहेरच्या लोकांना आवाज ऐकू गेला. एक बाई कुशीत पॉमेरेनियन घेऊन डोकावल्या आणि म्हणाल्या, "इथे कोट शिवून मिळतात का?" एका गृहस्थांनी मांजराच्या टोपलीचा पट्टा दिला. मंडळी वाटी धरावी तशी टाचण्यांची डबी धरून शेजारी बसली होती आणि माझ्या पायाला गोळा आला की पोटरी चोळत होती. चार तासांनी डॉक्टरबाई चवड्यांवर हळू हळू आल्या, रक्त घेतलं. बॉबीनने फक्त पडलेला कान हलवला. आठ तासांनी परत. ती घोरत होती.

"काका," डॉक्टरबाई कुजबुजल्या, "एवढा शांत पेशंट मी आजवर पाहिला नाही."

मी उठलो तेव्हा पाय माझे नव्हते, पण त्या दिवशी मला त्यांची गरजही वाटली नाही.

सत्ताविसाव्या दिवशी रिपोर्ट आला. कुशिंग. पक्कं. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं आणि मी ओरडलो, "आजार आहे! आजार आहे!" वरच्या वहिनी धावत खाली आल्या. त्यांना वाटलं, मलाच झालाय. मंडळी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडत होती आणि हसत होती, आणि बॉबीन दोघांच्या मधे येऊन खायला काही मिळतं का बघत होती.

पण अजून अफगाण हाउंड बाकी होती. सेक्रेटरींनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "हे दुसऱ्या कुत्रीचं आहे." मी परत प्रयोगशाळेत गेलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, दुरुस्तीसाठी ओळख पटवावी लागेल. मी मोबाइलवर बॉबीनचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो बघितला, मग यादी बघितली, मग आत जाऊन साहेबांना घेऊन आल्या. साहेबांनी हाताने लिहून दिलं, 'जात लागू नाही', आणि शिक्का मारला. बॉबीनबद्दल इतकं खरं वाक्य कोणत्याही सरकारी किंवा खासगी कागदावर आजवर आलेलं नाही.

तिसाव्या दिवशी समितीची सभा भरली. सेक्रेटरींनी रिपोर्ट उभं राहून मोठ्याने वाचला, आकड्यांसकट. कोणालाच काही कळलं नाही, पण शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅशियरनी माझा हात हातात घेऊन "अभिनंदन" म्हटलं. कोणाच्याही आजाराबद्दल मला मिळालेलं ते एकमेव अभिनंदन. ठराव झाला, बॉबीन याच घरात राहील, आणि औषध लागू होईपर्यंत जिना सगळ्यांनी मिळून पुसायचा. पहिली पाळी सेक्रेटरींनी स्वतःच्या नावापुढे लिहिली.

सभा संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, मला हल्ली फार तहान लागते. पोटही... तुम्ही जरा माप घेऊन बघता?"

मी टेप काढला. मान वाढली होती, दंड वाढले होते, मांड्या वाढल्या होत्या, पोटही वाढलं होतं.

"तुम्हाला कुशिंग नाही," मी म्हणालो. "तुम्हाला बिस्किटं आहेत."

बॉबीनला रोज एक गोळी सुरू झाली. महिन्याभरात जिना कोरडा झाला. तीन महिन्यांत पाठीवर केस आले, पहिल्यापेक्षा गडद. मुलीच्या लग्नात ती पहिल्या पंगतीत होती. पुढची दोन वर्षं तिची मान सोळाच्या आसपास राहिली आणि पोट तेविसाच्या पुढे गेलं नाही.

बॉबीन त्या ठरावानंतर दोन वर्षं आणि दोन महिने जगली. एका मंगळवारी, मार्च महिन्याच्या नऊ तारखेला दुपारी तीनच्या सुमारास, मंडळींच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली.